मुखपृष्ठ तेच, आवृत्ती भलतीच: जुनी पाठ्यपुस्तकं मागवताना

लेकीला घरी शिकवतो. गणिताचं जुनं पुस्तक ऑनलाइन तीनदा मागवलं. मुखपृष्ठ तेच, पण उत्तरसूचीशी एकही सरावसंच जुळेना. डोकं फिरलं. नावाने शोधून, फोटो पाहून काही उपयोग झाला नाही.

जमलं ते असं: प्रकाशकाच्या यादीतून उत्तरसूचीच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या पुस्तकाचा आयएसबीएन (प्रत्येक आवृत्तीचा वेगळा १३ अंकी ओळख-क्रमांक) घेतला. (उत्तरसूचीचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो, मी तिथेच फसलो होतो.) मग नावाऐवजी ते १३ अंकच शोधले. २००७ आधीच्या बहुतेक पुस्तकांवर १०च अंक असतात; त्यांच्यापुढे नुसतं ९७८ जोडून भागत नाही, शेवटचा अंकही सहसा बदलतो. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागवले: आवृत्ती छापलेलं पान आणि पहिला सरावसंच. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने उत्तरं लिहिली होती. ती खोडरबराने गेली.