देवगडच्या घरून रत्नागिरीचं ऑफिस: डेस्कटॉपवर वायरगार्ड

ऑफिसातला हिशेबाचा संगणक घरून उघडायचा म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणकाचा पडदा चालवायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, कधीही उघडा टाकू नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर प्रोग्राम तो लगेच हेरतात आणि पासवर्डचा मारा सुरू होतो. व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस असा इंटरनेटवरचा खाजगी बोगदा, लावा. इथे ऑफिसच्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन सुरू आहे असं धरलंय. घरचा डेस्कटॉप विंडोजचा.

आधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर दिवस फुकट जाईल. ऑफिसच्या राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर जोडणी सीजीनॅटमागे (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची पद्धत) आहे आणि बाहेरून तिथे पोहोचता येत नाही. इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, मागा. दुसरं, घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१.० हीच पत्त्यांची रेंज असेल तर ऑफिसची बदलून १९२.१६८.५७.० करा. रेंज एकच राहिली तर संगणक ऑफिसचा पत्ता घरातच शोधत बसतो.

वायरगार्ड अधिकृत साइटवरूनच उतरवा. ‘अ‍ॅड एम्प्टी टनेल’ निवडलं की कीची (एकमेकींशी जुळणाऱ्या कूटसंकेतांची) जोडी आपोआप तयार होते. पब्लिक की राउटर सांभाळणाऱ्याला पाठवा. प्रायव्हेट की व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा कुणाला नाही. मग इंटरफेस भागात त्याने दिलेला अ‍ॅड्रेस, आणि पीअर भागात राउटरची पब्लिक की, एंडपॉइंटमध्ये स्टॅटिक आयपी व पोर्ट ५१८२०, अलाउड आयपीजमध्ये १९२.१६८.५७.०/२४, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५. फाइलीत हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि अंकांतच लिहायचं. हीच फाइल लॅपटॉपवर कॉपी करू नका, दोन्ही यंत्रं एकमेकांची जोडणी तोडत राहतील.

‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं) ही ओळ दिसली पाहिजे. ‘रिसीव्ह्ड’ शून्यावरच असेल तर की चुकलीय, पोर्ट चुकलाय किंवा वाटेत यूडीपी (वायरगार्ड ज्या पद्धतीने डेटा पाठवतं ती) अडतोय. पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी हाक) मात्र गेला नाही तरी घाबरू नका; विंडोजचं फायरवॉल दुसऱ्या रेंजकडून आलेला पिंग बहुतेकदा अडवतं. सरळ रिमोट डेस्कटॉप उघडून बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा आणखी एक बिघाड भेटतो. घरच्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर लाइट आल्यावर घड्याळ मागच्या एखाद्या सालावर जातं. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये वेळ पाठवतं. आधीच्यापेक्षा जुनी वेळ आली की समोरचा राउटर तो हँडशेक जुनीच नक्कल समजून टाकून देतो. एरर काहीच येत नाही, फक्त जोडणी होत नाही. तारीख दुरुस्त करा आणि बॅटरी बदला.

मोबाइल हॉटस्पॉटवर हँडशेक होऊनही पडदा काळाच राहत असेल, तर इंटरफेसमध्ये एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० टाका आणि टनेल बंद करून पुन्हा सुरू करा.