इंजिनिअरिंगचं गणित: मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशनमधल्या या चुका टाळा

पेपर तपासताना सगळ्यात जास्त जीव हळहळतो तो रीत पाठ असलेल्या मुलासाठी. पानभर नीट आकडेमोड केलेली असते, पण गणित पहिल्याच ओळीत चुकलेलं असतं.

आधी डिफरन्शियल इक्वेशन: एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक २ वाय, बरोबर एक्स-क्यूब. यात डीवाय बाय डीएक्सचा सहगुणक आधी १ करायचा असतो, म्हणजे सगळ्याला एक्सने भागायचं. ते विसरलं की इंटिग्रेटिंग फॅक्टर (ज्याने गुणलं की डावी बाजू थेट इंटिग्रेट करता येते तो) ई रेज टू २एक्स येतो. खरा आहे एक्स-स्क्वेअर. दुसरी चूक शेवटी होते. उत्तर एक्स-क्यूब बाय ५, अधिक सी बाय एक्स-स्क्वेअर. पण सी, म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक, आठवतो शेवटच्या ओळीत, आणि नुसता 'अधिक सी' चिकटवला जातो. इंटिग्रल काढलं त्याच ओळीत सी लिहा.

आता आयगेन व्हॅल्यू, म्हणजे कर्णातून वजा केल्यावर मॅट्रिक्सचा डिटरमिनंट शून्य करणाऱ्या संख्या. मॅट्रिक्सची पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २ घ्या. 'आधी सोपी करून घेऊ' म्हणून दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली, तर कर्णावर २ आणि दीड राहतात. मुलं तेच उत्तर लिहून मोकळी होतात. खरं उत्तर ३ आणि १. रो ऑपरेशनने, म्हणजे ओळींच्या अशा बेरीज-वजाबाकीने, आयगेन व्हॅल्यू बदलतात. गंमत म्हणजे २ आणि दीडचा गुणाकारही ३च येतो, त्यामुळे नुसत्या डिटरमिनंटने (आयगेन व्हॅल्यूंचा गुणाकार तेवढा यायला हवा) पडताळलं तर चूक सापडत नाही. कर्णाची बेरीजही बघा, आयगेन व्हॅल्यूंची बेरीज तेवढीच यायला हवी: मूळ मॅट्रिक्समध्ये ४, इथे साडेतीन. रो ऑपरेशन हवी तेवढी करा, पण कर्णातून लॅम्डा (म्हणजे आयगेन व्हॅल्यू) वजा करून, त्याची किंमत घातल्यावर, आयगेन व्हेक्टर काढताना.

परत डिफरन्शियल इक्वेशनकडे. 'केस ऑफ फेल्युअर'ला, म्हणजे नेहमीच्या रीतीत छेद शून्य होतो त्या प्रसंगाला, मुलं उगाच घाबरतात. डावीकडे वायवर डी-स्क्वेअर वजा ३डी अधिक २ (डी म्हणजे डी बाय डीएक्स), उजवीकडे ई रेज टू एक्स. रीतीप्रमाणे उजव्या बाजूला त्या डीच्या राशीने भागायचं. डीच्या जागी १ घातला की छेद शून्य होतो. कारण ई रेज टू एक्स सीएफमध्ये, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून येणाऱ्या उत्तरात, आधीच आहे. डावी बाजू त्याचं शून्यच करते, मग उजवी बाजू त्यातून कशी मिळणार? म्हणून एक्सने गुणायचं आणि छेदाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं: २डी वजा ३, म्हणजे वजा १. पीआय, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग, झाला वजा एक्स ई रेज टू एक्स. तो मूळ समीकरणात घालून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि सीएफ नेहमी पीआयच्या आधी काढा.

मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन हे दोन भाग वेगवेगळ्या वह्यांत ठेवणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. वरचीच मॅट्रिक्स घ्या: इथे एक्स आणि वाय दोन्ही वेळेनुसार बदलतात, एक्सच्या बदलाचा दर २एक्स अधिक वाय, वायचा दर एक्स अधिक २वाय. दोन्ही समीकरणांची बेरीज करा, एक्स अधिक वायचा दर त्याच्याच तिप्पट येतो. वजाबाकी करा, एक्स वजा वायचा दर त्याच्याएवढाच. आयगेन व्हॅल्यू ३ आणि १ त्या याच.