संध्याकाळच्या वर्गाला ताई टिकत नाही? या चुका टाळा

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत मला फोन सुरू होतात, "भाऊ, गावच्या लेकरांसाठी संध्याकाळचा वर्ग काढतोय, शिकवायला एखादी ताई सुचवा." दिवाळीनंतर त्याच लोकांचा पुन्हा फोन, "पोरगी सोडून गेली, दुसरी सुचवा."

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे डिग्री पाहून बाहेरगावचा माणूस आणणं. यवतमाळकडच्या एका संस्थेनं तालुक्याहून डी.एड. झालेला पोरगा घेतला. वर्ग साडेपाच ते साडेसात, परतीची शेवटची एसटी साडेसहाची! पोरगा रोज वर्ग अर्धा टाकून पळायचा. त्यात पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, लहान लेकरं कोलामीत बोलणारी; त्याच्यासमोर तोंडच उघडत नसत. पोलीस भरती निघाली, पठ्ठ्या १६०० मीटरच्या सरावाला लागला आणि वर्गाला कुलूप. त्याच पोडावर बारावी झालेली सून होती, कोलामी-मराठी दोन्ही येणारी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. "कमी शिकलेली" म्हणे! चौथीच्या पोराला भागाकार शिकवायला किती शिकावं लागतं?

मी अशा घरी गेलो की आधी सासूशी बोलतो. संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे तिथंच ठरतं.

दुसरं, कापूस. पहिला वेचा सुरू झाला की किलोच्या भावानं मजुरी मिळते, तीही रोख. तुमचं मानधन मात्र "फंड आला की". मग ताईनं वर्गात का बसावं? वेचणी दिवसा, वर्ग संध्याकाळी, मग अडचण काय, असं विचारणाऱ्यानं एक दिवस कमरेला कापसाची ओटी बांधून वेचून पाहावं. वेचणीच्या दिवसांत मी वर्ग साताला लावतो, मानधन पाच तारखेच्या आत देतो आणि सुरुवातीपासून दोन ताया ठेवतो. एकीचं लग्न ठरलं तरी दुसरी असते. घाईवाल्यांना हा दुसरा खर्च फालतू वाटतो.

पोलीस पडताळणी "ओळखीचा आहे" म्हणून टाळू नका. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. वर्ग भरतो त्या समाजमंदिराची एक चावी ताईकडेच हवी. रोज दहा फोटो मागू नका, ती शिकवेल की फोटो काढेल? प्रशिक्षणाला जिल्ह्याला नेण्यापेक्षा आठवडाभर जुन्या ताईशेजारी बसवा.

आणि ताईचं लहान लेकरू वर्गात आलं तर येऊ द्या. त्यावर कुरकुर करणारा सुपरवायझर आधी बदला.