कोळशाचा थर आणि त्याभोवतीचा खडक कसा वाचावा

कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट आणि जांभ्याने व्यापलेला आहे. येथील भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने खाण पाहिलेली असली तर ती बहुधा राधानगरी किंवा शाहूवाडीकडील बॉक्साइटची असते. दगडी कोळसा पाहायचा तर महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्धा गाठून पुढे चंद्रपूरच्या बाजूला जावे लागते. इतक्या लांब जाऊन केवळ काळी भिंत पाहून परत येऊ नये, म्हणून ही टिपणे.

प्रथम मनातील क्रम बदलावा लागतो. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या डोंगरात आपण लाव्हाचे प्रवाह मोजतो आणि त्यांच्यामधील लाल मातीच्या पट्ट्यावरून दोन प्रवाहांची सीमा ठरवतो. तो खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा मात्र पर्मियन काळातील, म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षे जुन्या बाराकर गटातील आहे. त्याच्या वर अनेक ठिकाणी कामठी गटातील वालुकाश्म आहेत आणि काही भागांत त्यांच्याही वर आपला ओळखीचा बेसाल्ट येतो. म्हणून उघड्या खाणीत उतरल्यावर थेट कोळशाकडे न जाता वरच्या काळ्या मातीपासून खाली येत प्रत्येक खडकाची जाडी, रंग, कणांचा आकार आणि खालच्या थराशी असलेली सीमा ठळक आहे की हळूहळू बदलणारी, हे नोंदवावे. वालुकाश्माचा तळ कोळशात खोलगट घुसलेला दिसला, तर तेथे जुन्या नदीच्या पात्राने दलदलीतील पीट, म्हणजे पुढे ज्याचा कोळसा होतो तो अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खरवडून नेले असण्याची शक्यता असते. अशा जागी थर अचानक पातळ होतो.

वेधनातून, म्हणजे जमिनीत पाडलेल्या खोल छिद्रातून, मिळालेला खडकाचा दंडगोल गाभा, म्हणजेच कोअर, वाचताना घाई आणि सावकाशी दोन्ही लागतात. शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, वाळला की तडकतो आणि कोळशातील ओलावा उडून जातो, म्हणून गाभा पेटीत येताच वर्णन करावे आणि कोळशाचे नमुने लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावेत. कोळसा ठिसूळ असल्याने गाभ्याचा काही भाग वेधनातच हरवतो. हरवलेली लांबी नोंदवली नाही, तर थर आहे त्यापेक्षा पातळ ठरतो. ही चूक छिद्रात उपकरण सोडून घेतलेल्या भूभौतिक नोंदींवरून पकडता येते: कोळशासमोर गॅमा (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग) आणि घनता या दोन्ही रेषा खाली जातात, वालुकाश्मासमोर गॅमा कमी असला तरी घनता जास्त राहते, आणि शेलसमोर गॅमा वर चढतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो कार्बनी शेल. तोही काळाच असतो, पण हातात कोळशापेक्षा जड लागतो, पातळ पापुद्र्यांत फुटतो आणि त्याला काचेसारखी चमक नसते. चांगल्या कोळशात चकचकीत आणि निस्तेज पट्टे आलटून पालटून दिसतात. बोटांना काजळी लावणारा मऊ, तंतुमय पट्टा वेगळा नोंदवावा. थरातील प्रत्येक मातकट पट्टीची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहावी, कारण काढताना ती कोळशात मिसळली की राख वाढते, आणि भारतीय गोंडवन कोळशात, म्हणजे बाराकरसारख्या जुन्या खडकगटांतील कोळशात, राख मुळातच भरपूर असते. उष्मांकावर आधारलेल्या जी१ ते जी१७ या श्रेणींपैकी कोणती मिळेल, ते पुष्कळ अंशी या पट्ट्यांवर अवलंबून असते.

थर कललेला असेल, तर उभ्या वेधनात मोजलेली जाडी ही खरी जाडी नसते. थराची नती, म्हणजे आडव्या पातळीशी होणारा कोन, ३० अंश असेल, तर १२ मीटरच्या छेदाला ०.८६६ ने गुणावे लागते आणि खरी जाडी सुमारे १०.४ मीटर निघते. नती १० अंश असेल, तर फरक जेमतेम वीस सेंटिमीटरचा पडतो. दोन जवळच्या वेधनांत थराची खोली एकाएकी बदलली, तर तेथे विभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेली भेग, आहे का हे आधी तपासावे. गोंडवन खोरी खचलेल्या पट्ट्यांत तयार झालेली असल्याने ही शंका सहसा वाया जात नाही.

माझ्या मते नोंदवहीत छत आणि तळ, म्हणजे थराच्या लगेच वरचा आणि खालचा खडक, यांना थराइतकीच पाने द्यावीत. भूमिगत खाणीत पातळ थरांचा शेल छतातून सुटून पडतो. जाड, अखंड वालुकाश्म मात्र कोळसा काढून घेतलेल्या पोकळीवर बराच काळ तग धरतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून त्याच्या भक्कमपणावर विसंबू नये. गाभ्यातील दहा सेंटिमीटरपेक्षा लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी वेधनाच्या लांबीशी ताडून पाहिली, की खडक किती तडकलेला आहे याचा अंदाज येतो. तळाशी मऊ चिकणमाती असेल, तर ती भिजून फुगते, आणि तिच्यावर मातीचा ढिगारा रचला असेल तर तो सरकू शकतो. कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो, त्यामुळे भिंतीवर ओल कोठे सुरू होते ती उंचीही नकाशावर दाखवावी.

ही मोजणी व्यवस्थापकाच्या परवानगीने, हेल्मेट घालून आणि भिंतीच्या पायथ्यापासून अंतर राखूनच करावी. पायथ्याशी पडलेल्या ताज्या तुकड्यांकडे पाहून ते नेमके कोणत्या थरातून सुटले, हे दुरूनच ओळखण्याचा प्रयत्न करावा.