जुनी गाडी सकाळी धडधडत सुरू होते? दोष इंजिन गार असतानाच शोधा

गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर इंजिन तापतं आणि सकाळची सगळी लक्षणं नाहीशी होतात. मेकॅनिक चावी फिरवतो, गाडी एका झटक्यात सुरू. मग अंदाजाने प्लग बदलतात, इंजेक्टर धुतात, बिल होतं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच धडधड. माझे दोन हिवाळे यात गेले. शेवटी दोष निघाला कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणाऱ्या बोटाएवढ्या सेन्सरमध्ये. म्हणून आधी हे लक्षात घ्या: गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. ती दोन मिनिटं वाया घालवू नका, आणि एका सकाळी एकच गोष्ट बदला.

पुढची तपासणी मॅन्युअल गिअरच्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी आहे. गाडी किमान आठ तास बंद हवी. सकाळी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सेल्फ कसा फिरतो ते ऐका

जड, रडत फिरत असेल तर इंजिनाकडे वळूच नका. मल्टिमीटरवर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मीच उरली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. बॅटरी टिकून आहे, तरी सेल्फ जड फिरतो? मग टर्मिनल आणि बॉडीची अर्थ वायर बघा. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन निघते. निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा अशी अर्धमेली बॅटरी हमखास दगा देते.

एक सकाळ क्लच न दाबता आणि दुसरी सकाळ पूर्ण दाबून सेल्फ मारा. दाबल्यावर तो बराच हलका फिरला, तर गारठलेलं, घट्ट गिअर ऑइल भार टाकतंय. तसंही थंडीत क्लच दाबूनच गाडी सुरू करावी.

सेल्फ झकास, पण इंजिन उशिरा पकडतं

इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत चावी ‘ऑन’वर नेऊन दोन सेकंद थांबा, मागच्या सीटच्या बाजूने टाकीतल्या पंपाची घरघर येईल. बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. एरवी आढेवेढे घेणारी गाडी आता लगेच पकडत असेल, तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय: पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

कार्ब्युरेटरच्या मारुती 800 सारख्या गाडीत एअर फिल्टर उघडा आणि कुणाला तरी चोक ओढायला सांगा. आतली पट्टी पूर्ण मिटली पाहिजे. बऱ्याचदा केबल ढिली झालेली असते आणि माणूस कार्ब्युरेटर खोलून बसतो.

पकडतं, पण मिसिंग मारतं (अडखळत चालतं)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अॅक्सिलरेटर किंचित दाबून धरा. लगेच सुरळीत झालं, तर आयडलिंगची हवा कमी पडते. हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करा. फरक नाही? दहा सेकंदांत इंजिन बंद करून प्लग काढा, पण कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. एकच ओला निघाला तर तो शेजारच्याशी बदला. दुसऱ्या सकाळी ओलावा प्लगबरोबर हलला तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला तर केबल किंवा कॉइल. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडून बघा, फुटक्या केबलमधून निळ्या ठिणग्या दिसतात. हात लावू नका.

सगळेच प्लग काळे आणि ओले असतील तर पेट्रोल जास्त होतंय. उलट प्लग कोरडे, पांढुरके आणि गाडी गार असतानाच कुरकुरते, तर व्हॅक्यूमचे चिरलेले पाइप किंवा कूलंटचा तो सेन्सर बघा. सेन्सरने इंजिन गरम असल्याचं खोटंच सांगितलं, की कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. 20 अंशांना त्याचा रोध साधारण 2 ते 3 किलोओहम असतो, इंजिन तापल्यावर काहीशे ओहमवर येतो. स्कॅनर जोडता येत असेल तर आणखी सोपं: रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं.

धूरही वाचा. पहिली काही मिनिटं पांढरी वाफ येणं ठीक. सुरू होताच निळसर झोत आला तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थंडीत कमी उडतं, ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी पाइपांना चिरा पाडू शकतं. महिनाभर उभी असलेली गाडी असेल तर आधी ताजं पेट्रोल भरून बघा.

एवढं करूनही सापडलं नाही तर रोजच्या निरीक्षणांची वही घेऊन गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडा. सकाळी तुम्ही पोचेपर्यंत चावी कुणी फिरवायची नाही, असं बजावून ठेवा.