खोलीत, कोकोपीटमध्ये मिरची: खत, उजेड आणि हवा

कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशातली, मिरची मातीतल्या मिरचीसारखी सांभाळली, की महिन्या-दीड महिन्यात खालची पानं शिरांच्या मधून पिवळी पडायला लागतात. मग कोणी चिमूटभर युरिया टाकतं, कोणी साधं पाणी भरपूर देतं, आणि दोन्ही उपायांनी झाड आणखी बिघडतं. कोकोपीटमध्ये झाडाला पुरेल असं अन्न नसतं. आपण पाण्यातून देऊ तेवढंच. त्यातून बंद खोलीत झाड किती पाणी ओढणार हे दिवा आणि हवा ठरवतात, आणि जितकं पाणी ओढलं जाईल त्यावर मुळांशी किती क्षार साचणार हे ठरतं. तिन्हींचा हिशोब एकत्रच करावा लागतो.

पुढची मापं दोन झाडांसाठी आहेत: दोन बाय दोन फुटांचा, सुमारे साडेचार फूट उंच ग्रो टेंट (झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू) आणि प्रत्येक झाडाला १० लिटरची कापडी ग्रो बॅग. पुसा ज्वालासारखं बुटकं, झुडुपासारखं वाढणारं वाण घ्या. संकेश्वरी चवीला कितीही आवडत असली तरी एवढ्या उंचीत मावत नाही.

कोकोपीट आधी तयार करा

६५० ग्रॅमच्या दोन विटा भिजवल्या की साधारण १६ लिटर कोकोपीट होतं. नारळाच्या सोडणात पोटॅशियम आणि सोडियम मुळातच जास्त असतात, आणि सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर मीठ आणखी वाढतं. मूठभर कोकोपीट पिळून निघालेल्या पाण्याची ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) ओतलेल्या पाण्यापेक्षा ०.५ हून जास्त भरत असेल, तर धुत राहा. पाकिटावर ‘लो ईसी’ छापलेलं असलं तरी एकदा मोजून बघावं.

नुसतं धुणं मात्र पुरत नाही. तंतूंना चिकटलेलं पोटॅशियम आणि सोडियम साध्या पाण्याने सुटत नाही; त्यांची जागा कॅल्शियमने घ्यावी लागते. ही पायरी गाळली तर पहिले काही आठवडे आपण दिलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कोकोपीटच धरून ठेवतं आणि झाड उपाशी राहतं. १५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ८ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा, कोकोपीट त्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाणी काढून टाका. मग सात भाग कोकोपीटला तीन भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) मिसळून बॅगा भरा.

खताचं पाणी

कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खत मागितलं की बहुतेक वेळा १९:१९:१९ हातात पडतं (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम यांचे टक्के). शेतातल्या ठिबकला ते चालतं, इथे मुख्य खत म्हणून नको. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, स्फुरद गरजेपेक्षा फार जास्त, आणि कॅल्शियम अजिबात नाही. त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, अशा पाच वस्तू घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं लेबल वाचूनच घ्या: लोह जस्तापेक्षा निदान चौपट हवं. फवारणीसाठीच्या मिश्रणांत जस्त भरपूर असतं, ते मुळांना रोज दिलं तर बाधतं.

एक लिटरला अर्ध्या ग्रॅमची मापं स्वयंपाकघरातल्या काट्यावर जमत नाहीत. म्हणून दोन बाटल्यांत शंभरपट दाट द्रावण करून ठेवावं.

‘अ’ बाटली, १ लिटर: कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम.
‘ब’ बाटली, १ लिटर: १३:००:४५ ४० ग्रॅम, ००:५२:३४ २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम, आणि १०० लिटर पाण्याला लागतील एवढी सूक्ष्म अन्नद्रव्यं (लेबलवरच्या, मुळांतून द्यायच्या मात्रेने).

दोन्ही दाट द्रावणं थेट एकत्र ओतायची नाहीत. कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा साका तळाशी बसतो, आणि तो झाडाच्या कामाचा उरत नाही. आधी बादलीत पाणी, त्यात ‘अ’, ढवळा, मग ‘ब’. लिटरला प्रत्येकी १० मिली घेतलं की साध्या मऊ पाण्यात ईसी १.८ ते २.० च्या आसपास येते. या पाण्यात नत्र साधारण १७५, स्फुरद ४५, पालाश २०५, कॅल्शियम १५० आणि मॅग्नेशियम ४८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असतं (स्फुरद-पालाश मूलद्रव्याच्या हिशोबाने). दोन खरी पानं आली की ४ मिलीने सुरुवात, फांद्या फुटताना ६ ते ७, फुलं दिसली की १०. फुलोऱ्यासाठी वेगळं खत लागत नाही. पालाश वाढवत नेला तर तोच कॅल्शियमची वाट अडवतो.

पीएच सगळ्यात शेवटी, खत मिसळून पंधरा मिनिटांनी बघा. ५.८ ते ६.२ हवा. जास्त असेल तर फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने, हातमोजे घालून, नेहमी पाण्यात आम्ल टाकून (उलट कधीच नाही). सायट्रिक आम्लाने पीएच उतरतो खरा, पण दोन दिवसांत परत चढतो. मुंबई-पुण्यातलं धरणाचं पाणी मऊ असतं, तिथे आम्ल जेमतेम लागतं. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुधा पीएच चढवणाऱ्या बायकार्बोनेटने भरलेलं असतं. त्याची स्वतःचीच ईसी ०.८ च्या वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा.

मीटरबद्दल एक खुलासा हवाच. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर सहसा ५०० च्या पट्टीवर चालतो, म्हणजे ईसीला ५०० ने गुणतो; ईसी १.८ तिथे ९०० दिसते. काही मीटर ७०० ची पट्टी वापरतात, त्यावर तीच १२६० दिसेल. आकडा कुणाकडून ऐकलात तर पट्टी कोणती ते आधी विचारा.

कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढून पाणी होतं. पुडा फोडला की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत.

पाणी कधी, किती

माती वाळू द्यावी हा नियम इथे उलटा. कोकोपीट वाळलं की उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात आणि मुळांची टोकं जळतात. बॅग रोज उचलून बघा. भिजल्यावरच्या वजनातलं साधारण एक चतुर्थांश कमी झालं की पाणी द्यायचं. रोपाला दिवसाला एकदा थोडं, फळांनी लगडलेल्या झाडाला दोन-तीन वेळा मिळून लिटर-दीड लिटर. दर वेळी खताचंच पाणी, आणि दिवसातून एकदा तरी दिलेल्या पाण्यापैकी १५ ते २० टक्के खालून निघालं पाहिजे. बॅग जाळीवर ठेवा, नाहीतर निघालेलं पाणी ट्रेमधून परत शोषलं जातं.

निचऱ्याची ईसी आठवड्यातून दोनदा मोजा. दिलेल्यापेक्षा ०.८ ने वर गेली असेल तर साध्या पाण्याने धुवायचं नाही. त्याने झाडाला लागणारं अन्नही धुऊन जातं. निम्म्या ताकदीचं खतपाणी भरपूर ओता, बॅगेच्या दीडपट तरी. निचरा दिलेल्यापेक्षा पातळ येत असेल तर झाड भुकेलं आहे, लिटरला १ मिली वाढवा.

उजेड

चांगल्या बोर्डचा, भिंतीतून खरोखर १०० वॅट ओढणारा पांढरा एलईडी या जागेला पुरतो. खोक्यावरच्या ‘१००० वॅट’वर जाऊ नका, प्लग मीटर लावून बघा. दिवसाला सोळा तास उजेड, टायमरवर. झाडाच्या शेंड्यापाशी ४०० मायक्रोमोल (चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या, झाडाच्या कामाच्या उजेडाचं माप) मिळाले तर ४०० × १६ × ०.००३६, म्हणजे दिवसाला २३ मोल. फळधारणेला एवढं उत्तम. पांढऱ्या एलईडीला हे अंदाजे २८,००० लक्स भरतं, म्हणजे फोनवरच्या लक्स ॲपनेही ढोबळ अंदाज येतो. दिवा शेंड्यापासून ३५ ते ४५ सेंमीवर ठेवा. रोपांसाठी ६० सेंमी, किंवा डिमर ४० टक्क्यांवर.

मिरचीला फुलायला रात्रीची लांबी बदलावी लागत नाही. पण चोवीस तास दिवा लावला तर पानं वेडीवाकडी होतात, म्हणून आठ तास अंधार ठेवाच. दिव्याला वीज महिन्याला ४८ युनिट जाते. घरचा वापर १०० युनिटच्या आत असेल तर तो वरच्या टप्प्यात ढकलला जाऊ शकतो, हे धरून चला.

हवा

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. चार इंची एक्झॉस्ट फॅन वर, हवा आत यायचे झरोके समोरच्या बाजूला खाली, आणि झरोक्यांचं क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट. टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या की ओढ बरोबर आहे असं समजा. बाहेर फेकलेली हवा त्याच खोलीत फिरत राहिली तर काही उपयोग नाही. पाइप खिडकीपर्यंत न्या. शिवाय आत एक छोटा फिरता पंखा, पानं जेमतेम हलतील एवढाच, चोवीस तास चालू. एकाच पानावर सतत झोत पडला तर त्याच्या कडा वाळतात.

दिवसा २४ ते २८ अंश, रात्री १८ ते २२, आर्द्रता ५५ ते ७० टक्के असं धरा. तापमान ३२ च्या वर जाऊ लागलं की फुलं देठासकट गळतात. खत बदलून ती थांबत नाहीत. एक्झॉस्ट फॅन टेंट खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात दिवा संध्याकाळी सहाला लावून सकाळी दहाला बंद करा. कोरड्या हवेत झाड पाणी झपाट्याने ओढतं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा ईसी १.४-१.५ वर आणा आणि पाण्याच्या वेळा वाढवा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात नेमकं उलटं. २८ अंशाला आर्द्रता ८५ टक्के असली की पानांतून बाष्प फारच कमी निघतं. कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबरच वर चढतं, त्यामुळे बादलीत भरपूर कॅल्शियम असूनही कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि फळाचं बूड काळं पडतं. वरून कॅल्शियम वाढवण्यापेक्षा हवा कोरडी करा: एसी ‘ड्राय’वर किंवा डीह्युमिडिफायर. शेवटचं पाणी दिवा बंद व्हायच्या तीन तास आधी. रात्री आर्द्रता सर्वांत जास्त असते, तेव्हा दिवा चालू राहील अशी वेळ लावली तर त्याच्या उष्णतेनेही टेंट थोडा कोरडा राहतो.

खोलीत वारा आणि मधमाश्या नाहीत, तेव्हा फुलं आली की रोज एकदा फांद्यांना टिचकी मारा. दमट हवेत पराग चिकटून बसतो. त्या दिवशी दोनदा.

पान काय सांगतं

जुन्या पानांत शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी. नव्या पानांत तेच दिसलं तर लोह, आणि बहुधा पीएच ६.५ च्या वर गेलेला. सगळीच पानं गडद, टोकं खाली वाकलेली: नत्र जास्त. टोकं तपकिरी जळलेली: क्षार साचले, निचरा मोजा.

पानं आकसली की लगेच चुरडा-मुरडा म्हणून फवारणी करू नका. दिव्याखालची वरचीच पानं द्रोणासारखी उभी झाली असतील तर दिवा दहा सेंमी वर घ्या, तीन-चार दिवसांत नवी पानं सरळ येतील. फुलकिड्यांनीही पानं वरच्या बाजूला वळतात, पण त्यांत खालून चंदेरी ओरखडे असतात. कोळी (माइट, सूक्ष्म कीड) असतील तर कडा खाली वळतात आणि शेंडा खुजा राहतो. पानाची मागची बाजू दहापट भिंगाखाली पाहिल्याशिवाय औषध आणायला जाऊ नका.