उशी निवडताना आधी खांदा मोजा

उशी घ्यायला गेलं की आपण पहिलं काय करतो? पंजाने दाबून बघतो. मऊ लागली की पसंत. पण रात्रभर तिच्यावर तळहात नाही, चार-पाच किलोचं डोकं टेकणार असतं. म्हणून मऊपणाचं नंतर बघू, आधी उंची.

मानेच्या ७ मणक्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. गादी आणि मान यांच्यात जी पोकळी राहते ती भरून तो बाक सांभाळायचा, एवढंच उशीचं काम. उशी फार उंच असली तर हनुवटी छातीकडे झुकते, फार चपटी असली तर मान लोंबकळते. दोन्हीचा हिशोब सकाळी मान अवघडली की कळतो.

पहिलं काम : आपण झोपतो कसे, ते ओळखा. झोप लागताना कसे पडलो होतो ते सोडा. जाग येते तेव्हा कोणत्या कुशीवर असतो, उताणे असतो की पालथे, ते चार-पाच दिवस लक्षात ठेवा. बहुतेकांचा स्वतःबद्दलचा अंदाज इथेच चुकतो.

दुसरं : उंची काढा. कुशीवर झोपणाऱ्यांनी भिंतीला एक खांदा टेकून, मान ताठ ठेवून उभं राहावं आणि भिंत ते डोकं हे अंतर कुणाकडून तरी मोजून घ्यावं. साधारण १० ते १५ सेंटिमीटर भरतं. डोक्याच्या भाराने दबल्यावर उशी तेवढी उरायला हवी, म्हणजे घेताना ती थोडी जाडच दिसणार. गादी फार मऊ असेल तर खांदा आत रुततो, मग उंची कमी करा. उताणं झोपणाऱ्यांना यापेक्षा बुटकी उशी लागते. पालथं झोपणाऱ्यांना अगदी पातळ, किंवा नकोच.

तिसरं : खरेदीआधी घरीच रंगीत तालीम. जाड टॉवेल किंवा चादरीच्या घड्या करून मोजलेल्या उंचीची थप्पी रचा, तिच्यावर झोपा आणि समोरून फोटो काढायला सांगा. कुशीवर असताना नाक, हनुवटी आणि छातीचा मध्य एका रेषेत दिसला पाहिजे. एखादी घडी वाढवून, कमी करून बघा. हा खटाटोप वाटेल, पण नको असलेली उशी कपाटात कोंबण्यापेक्षा बरा.

आता आत काय भरलंय ते. कापूस हवेशीर असतो, पण दबून त्याच्या गाठी होतात, पुन्हा पिंजावा लागतो. पॉलिस्टर हलकं, धुवायला सोपं आणि लवकर चपटं होणारं. लेटेक्स दाबलं की लगेच उसळी घेतं आणि आकार टिकवतं. मेमरी फोम १९६० च्या दशकात नासाच्या कामातून पुढे आला, विमानातल्या आसनांसाठी. तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, थंडीत कडक होतो. माझी फोमची उशी कडाक्याच्या थंडीत पहिली दहा मिनिटं पाटासारखी लागते! उकाड्यात मात्र ती डोकं तापवते, त्यामुळे घाम जास्त येत असेल तर जपून. उंचीबद्दल मन ठरत नसेल तर चेन उघडून भरण काढता-घालता येईल अशी उशी घ्या; मला तरी हाच सगळ्यात शहाणा सौदा वाटतो.

नवी उशी एक-दोन रात्रींत नापास करू नका, मानेला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मात्र हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं वाढत असेल तर उशा बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. एक वर्षाखालच्या बाळाला तर उशी देऊच नका, त्याचा श्वास कोंडण्याचा धोका असतो.

अभ्रा दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पॉलिस्टरची उशी अधूनमधून मधोमध दुमडून सोडा. ती आपणहून उलगडली नाही, तर तिचे दिवस भरले.